अल्फा मराठी: आकाशातून गल्लीत

खासगी वाहिन्यांची गोष्ट सांगायला बसलं की ती हाँगकाँगला सुरू होते आणि मुंबईतल्या वरळीत संपते. मला ती हर्सूलपर्यंत आणायची आहे. मराठी वाहिनी अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या या तलावाच्या आणि तुरुंगाच्या गावात, घराघरांत दिसू लागली तेव्हा कुठे ती मराठीची झाली, असं मला वाटतं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि बरोबर वीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1992 ला, झी टीव्ही. सुभाष चंद्रा हे हरियाणातल्या हिसारचे, घरचा धान्याचा व्यापार. टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवून त्यांनी जम बसवला होता, 1989 मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड उभं केलं होतं. टीव्हीचा अनुभव शून्य. तरी उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरसाठी, म्हणजे प्रक्षेपणाच्या जागेसाठी, वर्षाला 50 लाख डॉलर भाडं द्यायला ते तयार झाले. बाजारभावाच्या कितीतरी पट! जाहिरातदार येतील की नाही, याची कसलीही शाश्वती नसताना केलेलं हे धाडस होतं.

तो उपग्रहही नशीब काढून आलेला. 1984 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने ‘वेस्टार 6’ या नावाने तो सोडला, पण तो ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातल्या अंतराळवीरांनी बाहेर पडून त्याला धरलं आणि पृथ्वीवर परत आणलं. डागडुजी होऊन एप्रिल 1990 मध्ये चिनी अग्निबाणावरून तो ‘एशियासॅट 1’ म्हणून पुन्हा वर गेला. भारतातून थेट उपग्रहाकडे कार्यक्रम सोडायची मुभा तेव्हा खासगी कंपनीला नव्हती. म्हणून मुंबईत तयार झालेल्या टेप विमानाने हाँगकाँगला जायच्या आणि तिथून आकाशमार्गे आपल्याकडे यायच्या.

आता खालची बाजू. आपल्या भागातून एशियासॅट असायचा तो आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध. गच्चीवर जाळीची मोठी डिश त्या दिशेला धरायची, बोटभर इकडेतिकडे झाली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. डिशच्या समोर मधोमध सिग्नल पकडणारा एलएनबी, तिथून खाली खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर, मग खांबाखांबावरून, कधी कडुलिंबाच्या फांदीवरून ओढलेली काळी वायर. अंतर वाढलं की सिग्नल मरतो, म्हणून मध्ये मध्ये अॅम्प्लिफायर. केबलवाल्याकडची वीज गेली की तुमच्या घरात दिवे असले तरी टीव्ही बंद. दर महिन्याला पैसे मागायला येणारा आणि वादळवाऱ्यानंतर शिडी घेऊन खांबावर चढणारा हा माणूस नसता, तर चंद्रांचे डॉलर आकाशातच राहिले असते. केबलचा कायदा आला 1995 मध्ये. तोवर देशभर वायरी ओढून झाल्या होत्या.

मराठीला मात्र ताटकळावं लागलं. तमिळमध्ये सन टीव्ही 14 एप्रिल 1993 ला आला, मल्याळममध्ये एशियानेट त्याच वर्षी, तेलुगूत ईटीव्ही 1995 मध्ये. मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळा खर्च कशाला, असा हिशेब असणार. प्रेक्षक नव्हता असं नाही, त्याला कुणी गिऱ्हाईक मानलं नव्हतं. अखेर 15 ऑगस्ट 1999 ला झीनेच ‘अल्फा टीव्ही मराठी’ सुरू केली. आजची झी मराठी ती हीच.

पहिल्याच वर्षी ‘आभाळमाया’ ही मालिका आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी शिकलेली, कमावती. तिच्या संसाराला भेग पडते, तरी ती कोसळत नाही. त्या घरात माणसं माणसांसारखी बोलत. अशोक पत्कींचं संगीत आणि देवकी पंडितांचा आवाज असलेलं शीर्षकगीत सुरू झालं की स्वयंपाकघरातून हात पुसत बायका बाहेर येत. पुढच्या काळातल्या पुष्कळ मालिकांना ही साधी ताकद टिकवता आली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. 2004 मध्ये ‘होम मिनिस्टर’ हा गृहिणींचा खेळ घेऊन आदेश बांदेकर थेट वहिनींच्या घरात शिरले. जिंकलेल्या वहिनींना पैठणी! पैठण आमच्याच जिल्ह्यातलं. पण ज्या बायकांनी पैठणी फक्त दुसरीच्या अंगावर पाहिली होती, त्यांच्यासाठी हा खेळ मोलाचा होता.

तरीही अल्फाचं मन मुंबई-पुण्यात रमायचं. मराठवाड्याची बोली तिथे क्वचितच ऐकू यायची. ही उणीव काही अंशी भरून काढली ती 9 जुलै 2000 ला सुरू झालेल्या ईटीव्ही मराठीने. रामोजी राव यांची ही वाहिनी हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून चालायची. 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात, कारभार हैदराबादेतून. आता जालना-बीडची बातमीही तिथून येऊ लागली. पण या वेळी ती आपल्या भाषेत होती. जिल्ह्याजिल्ह्यात बातमीदार नेमून दुष्काळ, कापूस, पाणी पडद्यावर आणायचं काम या वाहिनीने मन लावून केलं. झीची स्वतंत्र मराठी वृत्तवाहिनी, ‘झी 24 तास’, यायला 2007 उजाडलं.