आकड्यांच्या आधी अक्षरे

पूल, विमानाचा पंख किंवा धरणाची भिंत यांवर भार आला असता त्यांचा प्रत्येक बिंदू किती हलेल, हे ज्या समीकरणांवरून कळते ती आकार थोडा वेडावाकडा होताच कागदावर सुटेनाशी होतात. म्हणून त्या वस्तूचे लहान लहान घटक कल्पावे, प्रत्येक घटकातील विस्थापन एखाद्या साध्या बहुपदीने मांडावे आणि ते घटक सांध्यांवर, म्हणजे नोडांवर, पुन्हा जोडावे, ही रीत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्या १९५६ सालच्या निबंधाने विमानरचनेच्या क्षेत्रात रुजवली, आणि १९६० साली क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले.

आज हे सारे काम तयार सॉफ्टवेअर करते. विद्यार्थी आकार भरतो, भार देतो, आणि पडद्यावर तांबड्या-निळ्या पट्ट्यांचे देखणे चित्र उमटते. परंतु त्या चित्रातील कोणता भाग निसर्गाचा आणि कोणता आपल्या गृहीतकाचा, हे त्याला सांगता येत नाही, आणि अभियंत्याच्या शिक्षणात याहून गंभीर उणीव मला दिसत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील शाखेत कार्लोस फेलिप्पा यांनी या विषयाच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमासाठी मॅथेमॅटिका हे १९८८ साली प्रसिद्ध झालेले, अक्षरांतच बीजगणित करणारे सॉफ्टवेअर योजले, ते मला याच कारणाने मोलाचे वाटते.

वरच्या टोकाला टांगलेली आणि केवळ स्वतःच्या वजनाने लांबणारी सरळ सळई घ्या. तिची लांबी ल, एकक घनफळाचे वजन व आणि यंगचा गुणांक य. संपूर्ण सळईचा एकच घटक मानून, त्यातील विस्थापन सरळ रेषेने वाढते असे धरून हिशेब केला, तर खालच्या टोकाचे विस्थापन वल²/२य येते, आणि शुद्ध कलनाने काढलेले उत्तरही अक्षरशः तेच आहे. मध्यबिंदूवर मात्र कलन ३वल²/८य सांगते आणि आपला घटक वल²/४य. प्रतिबलाचीही तीच कथा: वस्तुतः ते वरच्या टोकाला वल आणि खालच्या टोकाला शून्य, परंतु घटकाच्या दप्तरी सर्वत्र वल/२ अशीच नोंद. पोलादाचे आकडे घालून हेच केले असते तर मिलिमीटरच्या सूक्ष्म अपूर्णांकांच्या गर्दीत ही गोष्ट कुणाच्या नजरेस पडली नसती; अक्षरांत मात्र दिसते की नोडवरचे उत्तर अचूक आहे, चूक आहे ती दोन नोडांच्या मधल्या प्रदेशात, आणि ती कोणत्याही विशिष्ट सळईची नसून आपण धरलेल्या सरळ रेषेची आहे.

तुळईचा घटक याहूनही बोलका आहे. आधार नसलेली तुळई एका टोकाभोवती किंचित वळवली तर तिच्यात कसलाही विरोध निर्माण होऊ नये. त्या वळण्याने तिच्या स्टिफनेस मॅट्रिक्सची दुसरी ओळ गुणली की, बाहेरचा समान गुणक वगळता, ४ल² − ६ल² + २ल² उरते, म्हणजे निखळ शून्य. दशांशांत हिशेब करणारे यंत्र याच ठिकाणी कधी कधी शून्याऐवजी एक अतिसूक्ष्म संख्या दाखवते, आणि ती पूर्णांकनाची धूळ आहे की मांडणीतला दोष आहे, हे नवख्या विद्यार्थ्याला कसे कळावे?

या साधनाला मर्यादाही आहेत, आणि त्या लपवू नयेत. चौकोनी घटक वेडावाकडा झाला की संकलनाखालच्या राशीत छेदस्थानीही चल येतात, पदावली पानेच्या पाने फुगते, आणि मग ठरावीक बिंदूंवर मूल्ये घेऊन बेरीज करण्याच्या गाउसच्या पद्धतीला शरण जावेच लागते. फेलिप्पा यांच्या आज्ञावलींत यासाठी एक लहानशी सोय आहे: एक पर्याय बदलला की तीच आज्ञावली अचूक अंकगणित सोडून दशांशांत चालू लागते, आणि गाउस-बिंदूचे स्थान, जे तोवर १/√३ असे लिहिलेले होते, ते ०.५७७३५… असे दिसू लागते. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून विद्यार्थ्याने फरक स्वतः मोजावा. ज्यांना मॅथेमॅटिकाचा परवाना परवडत नाही त्यांच्यासाठी मॅक्झिमा विनामूल्य उपलब्ध आहे, आणि वरची सळई तीवर सोडवायला मोजक्या ओळी पुरतात.