जखमेवरची माशी आणि कोरी नोंदवही

गव्हाण म्हणजे गोठ्यात गुरांपुढे चारा घालण्याची जागा. याच नावाचे एक गाव पनवेल तालुक्यात खाडीकाठी आहे. नवी मुंबईची उभारणी आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांच्या शेजारात या पट्ट्यातील भातखाचरे आटत गेली. तथापि दावणीची गुरे पार नाहीशी झाली, असे नव्हे. पावसाळ्यात कोकणातील कोणत्याही गोठ्यात हेच घडते. खुराच्या बेचक्यात चिखलाने जखम होते, नव्या वासराची नाळ ओली असते, आणि दोन दिवसांत ‘किडे पडले’ अशी ओरड होते. सीताफळाच्या पाल्याचा रस किंवा टर्पेंटाइनचा बोळा लावला की प्रकरण मिटते. दप्तरी मात्र त्याचा मागमूस राहत नाही.

वस्तुतः सगळे किडे सारखे नसतात. सडक्या मांसावर जगणाऱ्या माश्या अनेक आहेत. परंतु ‘क्रायसोमिया बेझियाना’ ही माशी जिवंत मांसावरच वाढते, हे पॅटन या शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी भारतातच ओळखले. मादी जखमेच्या काठावर दीड-दोनशे अंडी घालते, दिवसभरात अळ्या निघतात, आठवडाभर मांस पोखरून जमिनीत उतरतात. त्या वासावर आणखी माश्या येतात.

या माशीची अमेरिकी बहीण सध्या जगाला धडा देत आहे. नापीक केलेले नर विमानातून सोडून अमेरिकेने तिला हुसकावले व पुढे पनामापर्यंत मागे रेटले. 2023 मध्ये तो बांध फुटला. नोव्हेंबर 2024 मध्ये ती मेक्सिकोत पोहोचली आणि 2025 मध्ये अमेरिकेला मेक्सिकोच्या गुरांसाठी सीमा बंद करावी लागली. माशी पंखांनी जेवढी जाते, त्याहून किती तरी दूर ती जनावराच्या जखमेत बसून मालमोटारीतून जाते. म्हणूनच तापमान व ओलावा यांच्या गणिताला गुरांच्या वाहतुकीची जोड दिल्याखेरीज अंदाज अपुरा ठरतो. ऑस्ट्रेलियात आपली ही माशी नाही. तरीही ती आलीच तर कोठे तग धरील, याचा हवामानावर आधारलेला अंदाज तेथील शास्त्रज्ञांनी 1989 मध्येच प्रसिद्ध केला होता. ज्यांच्या घरी चोर आलेला नाही, त्यांनी कुलूप आधी घडविले!

आपल्याकडे बंगळूरची ‘निवेदी’ ही संस्था जनावरांच्या प्रमुख रोगांचे जिल्हावार अंदाज दोन महिने आधी देते. हे काम मोलाचे आहे; परंतु अंदाज नोंदींवर उभा असतो. 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात या दोन्ही माश्यांचा उपद्रव नावानिशी आहे, आणि संशय येताच गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किडे पडले म्हणून ग्रामपंचायतीत वर्दी देणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर भागात लम्पी दिसला, तेव्हा माहिती पुढे आली. कारण भय होते, आणि दगावलेल्या दुभत्या गाईमागे 30 हजार रुपयांची भरपाईही होती. जखमेच्या किड्यांना ना भय, ना भरपाई.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याने वर्दी दिलीच, तर ती कोणत्या रकान्यात लिहावी हे ग्रामसेवकाने कोणाला विचारायचे? आज गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. त्या क्रमांकापुढे जखम, तारीख आणि गाव एवढे लिहिणे अवघड नाही. चिमट्याने काढलेल्या चार अळ्या मद्यार्काच्या बाटलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात पोचविल्या, तर ती हीच माशी की दुसरी, हेही कळेल. बिल्ला मारताना कानाला पडणारे भोक ही मात्र जखमच असते, आणि भर पावसाळ्यात ते पाडले की माशीला वेगळे आमंत्रण लागत नाही.