फूटभर भात आणि छत्तीस फुटी कोठार

तंजावूर-कुंभकोणम पट्ट्यात नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवदेवता, राजाराणी आणि मरप्पाची ही लाकडी बाहुल्यांची जोडी बसते, तर पायऱ्यांच्या पायथ्याशी जमिनीवर एक छोटे गाव वसवले जाते. त्यात तळे, शेत, बाजार असतो आणि हौशी घरांत खेळण्यातली आगगाडीही धावते. रूळ आले की त्यांच्याशेजारी शेतीची एखादी इमारत हवीशी वाटते, आणि मॉडेल रेल्वेच्या बाजारात त्यासाठी हमखास मिळते ते अमेरिकी बार्न: लाल भिंती, दोन उतारांत मोडणारे छप्पर, वर वैरणीचा माळा. त्या बाजारामागेही सणच आहे. पेनसिल्व्हेनियातले मोरेव्हियन लोक नाताळात येशूजन्माच्या देखाव्याभोवती अख्खे गाव मांडत. या मांडणीला ते पुट्झ म्हणत, आणि पुढे नाताळच्या झाडाखालच्या अशा गावांत आगगाडी शिरली. म्हणजे सणाची हौस दोन्हीकडे सारखीच आहे, शेती मात्र सारखी नाही. बर्फाळ हिवाळ्यात गुरे आणि वैरण एका छपराखाली ठेवावी लागतात म्हणून बार्न तसे असते. कावेरीच्या मुखाकडे पेंढ्याची गंजी उघड्यावर रचता येते. तिथे जपावे लागते ते भात. तेव्हा तंजावूरच्या मांडणीत रुळाशेजारी धान्याचे कोठारच हवे, आणि तेही काटेकोर मापात बांधलेले, असे माझे म्हणणे आहे. मापाचा हा आग्रह शोभेसाठी नाही. पुस्तकांतून आणि माहितीपत्रकांतून फिरणारे आकडे तपासण्याचे ते एक चांगले साधन आहे.

यासाठी नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. तंजावूरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशमजवळ तिरुपालत्तुरै येथे पालैवननाथाच्या मंदिरापाशी विटांचे एक जुने कोठार उभे आहे. ते नायक राजवटीतले, 17व्या शतकाच्या पूर्वार्धातले मानतात. खाली गोल, वर निमुळते. दख्खनच्या कोरड्या जमिनीत आपण पेवे खणली. इथे हातभर खणले की ओल लागते, त्यामुळे धान्य जमिनीच्या वरच रचणे भाग होते. या कोठाराची मापे सर्वत्र एकसारखी दिली जातात: उंची 36 फूट, रुंदी 86 फूट, क्षमता 3000 कलम, म्हणजे सुमारे 90,000 किलो भात. वाचताना यात काही खटकत नाही. प्रतिकृती करायला बसणाऱ्याला मात्र ते खटकल्यावाचून राहणार नाही.

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे 1:87 या प्रमाणात, 36 फुटांचे 12.6 सेंटिमीटर होतात आणि 86 फुटांचे 30. मग कोठार न होता एक पसरट डबा तयार होतो. छायाचित्रांत तर ही इमारत चांगली उभट दिसते. आता क्षमता पाहू. भाताचे वजन घनमीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो भरते, म्हणून 90,000 किलोंना 150 ते 165 घनमीटर जागा पुरते. शहाऐंशी फूट व्यासाच्या तळाचे क्षेत्रफळ जवळपास 540 चौरस मीटर होते. त्यावर एवढे भात पसरले तर थर लागेल जेमतेम फूटभर. फूटभर भातासाठी छत्तीस फूट उंच इमारत कोणता राजा बांधील? पण 86 फूट हा घेर मानला की सगळे जुळते. व्यास येतो सव्वासत्तावीस फुटांच्या आसपास. भिंत मीटरभर जाड धरली तर आत सुमारे पाच मीटर उंचीपर्यंत भात भरते आणि वर निमुळत्या छताला जागा उरते. यावर क्षमतेचाच आकडा चुकीचा असेल, अशी शंका घेता येईल. पण 86 फूट रुंदीचे कोठार नुसते पंधरा फुटांपर्यंत भरायलाही पंचेचाळीस हजारांहून अधिक कलम भात लागेल. परंपरेने पंधरापट चूक केली असे मानण्यापेक्षा, गोल इमारतीभोवती फिरवलेल्या फितीच्या आकड्याला कुणीतरी रुंदी म्हटले आणि पुढच्यांनी तेच उतरवले, हे मानणे सोपे आहे. प्रतिकृतीचा व्यास मग 9.6 सेंटिमीटर ठरतो.

मोठा आक्षेप वेगळाच आहे. कोलूत मापाला काय अर्थ? वीतभर लक्ष्मीशेजारी बोटभर हत्ती तिथे सहज चालतो. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरही मावळा दिंडीदरवाजापेक्षा उंच असतो आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. हे पायऱ्यांपुरते मान्य आहे, कारण तिथे आकार मान ठरवतो. जमिनीवरचे गाव मात्र राहते गाव असते. तिथे साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरांचा झाला की कोठाराचे दारही त्याच्या बेताचेच हवे. रूळ तरी कुठे मापात असतात, असेही कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. एचओचा 16.5 मिलिमीटरचा रूळ युरोपच्या 1435 मिलिमीटर गेजसाठी आहे. भारतीय ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील आणि मीटरगेजला साडेअकरा. पण रुळातली ही तडजोड सर्वज्ञात असते आणि बघणारा ती गृहीत धरतो. कोठाराच्या आकारातली चूक तो माहिती म्हणून घरी घेऊन जातो.

कोठार आणि रेल्वे यांचे नाते ओढूनताणून जोडलेले नाही. 1855मध्ये तंजावूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि सहा वर्षांत नागपट्टणमहून आगगाडी तंजावूरला पोहोचली. 1877मध्ये मीटरगेजचा फाटा कुंभकोणम, मायावरमकडे गेला. पापनाशम स्थानक त्याच मार्गावर आहे. हंगामही जुळतो. जूनमध्ये मेट्टूर धरणाचे पाणी सुटल्यावर लावलेले कुरुवै भात नवरात्राच्या सुमारास कापणीला येते. आणि कोलूत धान्य आहेच की: तांदूळ, डाळींच्या राशी मांडून बसलेले चेट्टियार नवराबायको जुन्या घरांत हमखास दिसतात. त्यांचा माल येतो कुठून, एवढेच दाखवायचे राहिले आहे.

साहित्यही तंजावूरचेच घ्यावे. पाणथळीत उगवणाऱ्या नेट्टीचा पांढरा, हलका गाभा तासून तिथले कारागीर बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती घडवतात. या कामाला 2020मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नेट्टीचा पातळ पापुद्रा सहज वळतो, त्यामुळे गोल भिंतीला तो लाकडाच्या फळीपेक्षा सोयीचा, आणि चुन्याच्या गिलाव्याचा भास रंगाशिवाय येतो. नेट्टी नाजूक असते, ओल आणि किडीने खराब होते, हे खरे. म्हणूनच या प्रतिकृती काचेच्या पेटीत ठेवतात. पण कोलूची मांडणी दहाबारा दिवसांची. एरवी कोठारही पेटीत राहू शकते.

मात्र रुळावर वाफेचे इंजिन नसून आजचे विजेचे असेल, तर हे कोठार जुनी वास्तू म्हणून मागे सरकवावे. आजचे भात तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर चाळीस किलोंच्या गोण्यांत भरले जाते आणि पुष्कळदा ताडपत्रीखाली उघड्यावर थप्पी लावून पडते. 1:87च्या मापात अशी गोणी सेंटिमीटरभर लांब होईल. तेव्हा रुळाशेजारी थप्पी, वर निळी ताडपत्री, आणि पाऊस आलाच तर म्हणून दोन माणसे.