पडद्यावरचा पांढरा किती पांढरा?

जुना अल्बम उघडा. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो हमखास लालसर झालेले दिसतील. चित्रपटांचीही तीच गत. त्या काळातल्या बहुतेक रंगीत प्रिंट ज्या फिल्मवर निघत, तिच्यात निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असत. त्यातला निळसर रंग सर्वांत आधी उडतो आणि उरते ती नुसती लाली!

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत झळकलेल्या 'स्टार वॉर्स'च्या अनेक प्रिंट अशाच लाल झाल्या. त्यात दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांनी १९९७ मध्ये नवी दृश्यं घालून 'स्पेशल एडिशन' आणली आणि मूळ चित्रपट मागे पडला. २००४ च्या डीव्हीडीत तर रंगही पालटले. यानात सराव करणाऱ्या ल्यूकच्या हातातली फिकट निळी प्रकाश-तलवार चक्क हिरवट झाली! २००६ मध्ये मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली खरी, पण ती १९९३ च्या लेझर डिस्कसाठी केलेल्या प्रतीवरून. साहजिकच चित्र धूसर.

मग चाहत्यांनीच कंबर कसली. 'डीस्पेशलाइज्ड एडिशन' आणि '४के७७' हे त्यांचे गाजलेले प्रयत्न. यातलं '४के७७' बहुतांशी १९७७ च्या एका टेक्निकलर प्रिंटवरून तयार झालं. कापडावर ठसे उमटवावेत तसे टेक्निकलरमध्ये रंग फिल्मवर छापत. ते सहसा उडत नाहीत.

पण लाल झालेली प्रिंटच हाती आली तर? लाल कमी केला की झालं, असं वाटेल. तसं नसतं. काळोख्या भागात लाली जास्त चढते, उजळ भागात कमी. सगळीकडून सारखाच लाल काढला, तर पांढऱ्या वस्तू निळसर-हिरवट दिसू लागतात. म्हणून काळोखे, मधले आणि उजळ भाग वेगवेगळे सुधारावे लागतात.

दुसरी मेख मोजमापाची. सैनिकांचं चिलखत पांढरं, तेव्हा ते पांढरंशुभ्र करा, हा सोपा हिशेब. पण ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या कलत्या उन्हात पांढरंसुद्धा पिवळसर दिसतं. ते शुभ्र केलं, की संध्याकाळच हरवते! शिवाय डोळे फसवे. रंग चढलेलं चित्र बराच वेळ पाहिलं, की तेच बरोबर वाटू लागतं. थिएटरातला प्रकाशही सगळीकडे सारखा नसे, त्यामुळे १९७७ च्या प्रेक्षकांनीही नेमकी एकच छटा पाहिली असं नाही.

या प्रतींना कायद्याची परवानगी नाही. ल्युकस यांची कंपनी २०१२ मध्ये डिस्नेने घेतली, हक्क तिचेच. आपल्या प्रती विकायच्या नाहीत, हा दंडक अनेक चाहते पाळतात.

१२ जून २०२५ रोजी लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची न उडालेली टेक्निकलर प्रिंट प्रेक्षकांना दाखवली गेली. रंगांच्या वादात साक्ष काढायची ती अशा प्रिंटची. ती जपली नाही, तर लाली पुसायला बसलेला जो तो आपल्याच आवडीचा रंग चित्रपटाला फासत राहील!