साखरेची पुडी, हिऱ्याची पुडी

माझ्या साखरपुड्यात हिरा नव्हता. १९८९ साल, गिरगावातल्या चाळीची गच्ची, एक साडी, ओटी, साखरेची पुडी आणि ‘ह्यांच्या’कडून आलेली सोन्याची नाजूक अंगठी. आदल्या संध्याकाळपर्यंत मात्र मी ऑपेरा हाऊसच्या एका ऑफिसात चिमट्याने हिरेच वेचत बसले होते. असॉर्टर होते मी. समोर पांढरा कागद, डोळ्याला दहापट मोठं दाखवणारी आयग्लास, आणि दिवसभर एकच काम: हा या ढिगात, तो त्या ढिगात. सत्तावीस वर्षं केलं. पुढे बाजार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला आणि मी घरी बसले.

म्हणून यंदा भाचीचं ठरलं तेव्हा दोघंही माझ्याकडे आली. होणारे जावई फोनवर तक्ता उघडूनच बसले. “मावशी, एक कॅरेट, डी कलर, व्हीव्हीएस. बजेट एवढं.” मी बजेट ऐकलं आणि आधी चहा टाकला.

साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी ही रीत आपली नाहीच, आणि अमेरिकेत ती इतकी पसरली त्यालाही फार काळ झालेला नाही. डी बिअर्स कंपनीने १९३८ साली तिथे एक जाहिरात संस्था नेमली, १९४७ साली ‘हिरा कायमचा’ या अर्थाची घोषणा आली, आणि प्रेम मोजायला एक खडा मिळाला. हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, अंगठी तरीही हवीय.” बरं, मग नीट घेऊ.

सोनाराकडे कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, हिऱ्याच्या बाजारात कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. भाव प्रत्येक कॅरेटमागे बोलतात आणि तो सरळ चढत नाही. तीस सेंट, पन्नास सेंट, सत्तर, मग पूर्ण कॅरेट, अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर दर उडी मारतो. पन्नास सेंटचा नीट घडवलेला गोल हिरा साधारण ५.१ ते ५.२ मिलिमीटर रुंद असतो. अठ्ठेचाळीस सेंटचा त्याहून एक दशांश मिलिमीटरनेही लहान नसतो. पैसे मात्र बरेच वाचतात.

पण माझा खरा मुद्दा वजन नाही, घडण. बाजारात तिला कटच म्हणतात. कट म्हणजे गोल की चौकोनी हा आकार नव्हे. पैलू कोणत्या कोनात पाडलेत, ते. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू, तळाचं टोकही घासलं तर ५८. सुरतेच्या कारखान्यात खालच्या निमुळत्या भागाला तळिया म्हणतात, वरच्याला मथाळा. वरून शिरलेला उजेड तळियाच्या एका भिंतीवर आपटून समोरच्या भिंतीवर जायला हवा आणि तिथून पुन्हा वर, तुमच्या डोळ्यात. तळिया फार खोल केला तर उजेड खालून गळतो आणि हिऱ्याच्या मधोमध काळोखी दिसते. फार उथळ केला तर आत कडेचं पांढुरकं कडं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली हे गणित मांडलं: तळिया ४०.७५ अंश, मथाळा ३४.५. आजही चांगला कारागीर त्याच्याच आसपास असतो.

मग सगळेच तसं का घडवत नाहीत? कारण कच्चा हिरा घासला की वजन जातं, आणि विकतात वजनावर. जास्त वजन राखायचं तर पोट सुटलेला हिरा करायचा किंवा कमरेला, म्हणजे मथाळा आणि तळिया मिळतात तिथे, जाड पट्टी ठेवायची.

या पोटाने मला फसवलंय. १९९८ साली भावाच्या साखरपुड्यासाठी मी ओळखीच्या एका दलालाकडून पन्नास सेंटचा खडा घेतला. ऑफिसात रोज हजारो बारीक हिरे बघणारी मी, घरच्या कार्याच्या गडबडीत फक्त वजन आणि काळा डाग बघितला. गेजने रुंदी मोजली ती अंगठी घडून आल्यावर, तीही कपाटातून काढून बाजूने बघताना पोट दिसलं म्हणून: ४.९ मिलिमीटर. म्हणजे पैसे पन्नास सेंटचे दिले आणि वहिनीच्या बोटावर दिसत होता त्रेचाळीस सेंटचा. उरलेलं वजन कोंदणात लपलेलं. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. आता कळेल.

वजन सोडून तेज घेण्याचं मोठं उदाहरण आपल्याकडचंच आहे. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा नासिक हिरा १८१८ साली, पेशवाई बुडाली तेव्हा, इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा तो जवळपास नव्वद कॅरेटचा होता. लंडनच्या जवाहिऱ्यांनी घासून तो ऐंशीच्या आसपास आणला. १९४० साली हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पैलू पाडले आणि उरला ४३.३८ कॅरेट. तो आपल्याकडून गेला याचं दुःख वेगळं. पण हिऱ्याचा धंदा करणाऱ्या माणसाने निम्म्याच्या आसपास वजन धुळीला मिळवलं, ते काही उगाच नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेची मोजपट्टी डीपासून झेडपर्यंत. डी बिनरंगी, पुढे पुढे पिवळसर झाक. पिवळ्या सोन्यात एच, आय सहज खपून जातो, सोन्याचीच झाक त्याला सांभाळून घेते. प्लॅटिनममध्ये बसवायचा तर जी बघा. हिऱ्याची पुडी असते ना, तिच्या आत निळसर पातळ कागद असतो. त्यावर पिवळट हिराही पांढरा दिसतो. म्हणून पुडीत बघून हो म्हणू नका. साध्या पांढऱ्या कागदाला घडी घाला, त्या खाचेत हिरा उपडा ठेवा आणि बाजूने बघा.

शुद्धतेत, म्हणजे आतल्या डागांच्या हिशेबात, जावईबापू व्हीव्हीएसवर अडले होते. त्यांच्या हातात आयग्लास दिली आणि व्हीव्हीएस-२ मधला डाग शोधायला लावला. दहा मिनिटांनी मान दुखायला लागली. जो डाग दहापट मोठा करूनही सापडत नाही, त्यासाठी बोटावर मिरवायच्या खड्यात पैसे का घालायचे? त्याखालच्या पायरीचा व्हीएस-२ पुरे, नीट निवडला तर आणखी खालचा एसआय-१ सुद्धा. डाग टेबलाच्या, म्हणजे वरच्या मोठ्या पैलूच्या, मधोमध नको. कडेला असेल तर अंगठीच्या नखीखाली झाकला जातो. कमरेपर्यंत गेलेली चीर मात्र नको. हिऱ्याइतकं कठीण काही नाही हे ओरखड्यापुरतं खरं. ओट्यावर वेडावाकडा आपटला तर त्याचा टवका उडतो.

कागद हवाच. जीआयए, आयजीआय अशा प्रयोगशाळेचा अहवाल. दुकानाने छापलेलं चकचकीत कार्ड म्हणजे अहवाल नव्हे. अहवालाचा क्रमांक बहुधा हिऱ्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला असतो, तो आयग्लासमधून स्वतः वाचा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून बघा. हॉलमार्क फक्त सोन्याबद्दल बोलतो, हिऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्याचं सगळेच विचारतात. तो खोटा नाही. कार्बनच आहे, सुरतेत त्यालाही तसेच पैलू पाडतात, नुसत्या डोळ्यांनी मलाही फरक कळणार नाही. अमेरिकन डायमंडशी त्याची गल्लत करू नका, ती वेगळीच वस्तू. पण लॅबच्या हिऱ्याचा भाव गेल्या काही वर्षांत धडाधड उतरलाय, आणि जीआयएने ऑक्टोबर २०२५पासून त्याला डी-ई-एफ अशी श्रेणी देणंच थांबवलंय. मोठा खडा मिरवायची हौस असेल तर खुशाल घ्या, ठेव म्हणून घेऊ नका. ठेव म्हणून तसा खाणीतलाही घेऊ नये. तो परत विकायला गेलात की माझं म्हणणं पटेल. परत घेण्याची अट काय, ते पैसे देण्याआधी लेखी मागा.

शेवटी जुन्या ओळखीचे एक व्यापारी जांगडवर तीन खडे घेऊन दादरला घरी आले. जांगड म्हणजे माल बघायला द्यायचा, पसंत पडला तर सौदा, नाहीतर परत. दुकानातल्या दिव्याखाली काचेचा मणीही चमकतो, म्हणून मी सगळ्यांना खडे घेऊन खिडकीशी नेलं, मग जेवायच्या टेबलाखाली अंधारात वाकायला लावलं. पन्नास सेंटचा ई रंगाचा खडा टेबलाखाली मेला. सत्तेचाळीसचा एच रंगाचा, व्हीएस-२, ५.०५ मिलिमीटर, तिथेही लुकलुकत राहिला. भाचीने बोट दाखवलं, जावईबापूंनी फोन खिशात टाकला. माझ्या बहिणीने मात्र बजावलं: हिरा सगळ्यांना लाभत नाही, तीन रात्री उशाखाली ठेवून बघ. ठेवला. भाचीला झोप नीट लागली.

एक सांगायचं राहिलं. हिऱ्याला तेलकटाचं भारी प्रेम. जुन्या खाणींत तर चरबी फासलेल्या फळीवरून खडी वाहू देत, हिरे तेवढे चिकटून राहत. पुरणपोळी लाटलेल्या हातात अंगठी असेल तर हिरा मंद दिसणारच. कोमट पाणी, थोडा साबण, जुना मऊ टूथब्रश. महिन्यातून एकदा.

अंगठी अठरा कॅरेट पिवळ्या सोन्यात केली. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन एका ओळीत आणि हिरा, ०.४७ कॅरेट, अहवालाच्या क्रमांकासह दुसऱ्या ओळीत लिहून घेतला. साखरपुड्याला पुडी साखरेचीच होती.