भंगारातले सोने कोणाच्या पदरात?

तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यात एखादी कंपनी संगणक बदलते तेव्हा जुने संगणक जातात कुठे, हा प्रश्न आपल्या सुशिक्षितांना पडत नाही. कचरा वेचणाऱ्या मायबहिणींना तो रोज पडतो. मराठवाड्याच्या दुष्काळाने या शहरांत ढकललेल्या या बायांमध्ये आपल्याच समाजाच्या बाया मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या हातातला मदरबोर्ड किलोवर विकला जातो. त्याचे खरे मोल ठाऊक असते पुढच्या व्यापाऱ्याला. ही माहिती हेच त्याचे भांडवल! म्हणून ती इथे उघड मांडतो.

जुन्या टीव्ही-मॉनिटरचा तपकिरी बोर्ड हलका माल. हिरवा, काचतंतूचा बोर्ड भारी. मेमरीच्या आणि कार्डांच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतील तर तो माल वेगळा ठेवावा, तो सोन्याचा मुलामा आहे. पांढरट पट्ट्या कथिलाच्या. लांब काळे स्लॉट दिसले की बोर्ड बहुधा १९८०-९० च्या दशकांतला. चिपवरचे चार आकडेही बोलतात : ९४३२ म्हणजे १९९४ सालचा ३२ वा आठवडा. सिरॅमिकचे प्रोसेसर सर्वांत मोलाचे. इंटेलचा १९८९ चा ४८६ आणि १९९५ चा पेंटियम प्रो हे त्यातले नामांकित. पेंटियम प्रोमधल्या सोन्याची तर जगभरच्या भंगारवाल्यांत ख्याती आहे.

पण धातूचा भाव हा एकच भाव नव्हे. १९७६ साली अ‍ॅपल-१ चे सुमारे २०० बोर्ड तयार झाले, किंमत ६६६.६६ डॉलर. त्यातला एक २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९,०५,००० डॉलरला गेला. तो बोर्ड तुर्भ्यात सापडेल असे मी म्हणत नाही. मात्र जुना, अखंड बोर्ड संग्राहक नगावर घेतो, आणि हातोडा पडला की तो भाव संपला, एवढे लक्षात ठेवावे.

सोने काढण्याचा उद्योग मात्र घरात करू नये. तेजाबाची वाफ फुफ्फुसे जाळते, आणि जुन्या बोर्डांच्या डाखात शिसे असते. नफा शेठचा अन् खोकला आपला, हा व्यवहार बंद झाला पाहिजे.

कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, मग २०१६ चे, आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे लागू आहेत. त्यांत नोंदणी आहे निर्माता, उत्पादक, दुरुस्तीकार आणि पुनर्प्रक्रिया करणारा यांची. वेचणारी बाई त्या यादीत नाही. परंतु याच नियमांनी राज्य शासनावर जबाबदारी टाकली आहे : सुटे भाग करणाऱ्या व पुनर्प्रक्रियेतल्या कामगारांची नोंद करणे, त्यांचे गट उभारायला मदत करणे, त्यांना प्रशिक्षण देणे, औद्योगिक क्षेत्रात या कामासाठी जागा वा शेड राखून ठेवणे. नवी मुंबईत किती कामगारांची नोंद झाली? किती शेड राखली? आपल्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाहीत.