मनावर पडलेला लाल्या



कपाशीचे पान लाल पडले, की आपल्याकडे पहिली धाव कृषी केंद्राच्या दुकानाकडे असते. दुकानदार देईल ती बाटली पंपात जाते. आठ दिवसांनी पान लालच असते, मग दुसरी बाटली. वास्तविक लाल्या ही बहुतेक वेळा कीड नाही आणि रोगही नाही. बोंडे भरायच्या वेळी झाडाला नत्र पुरत नाही, मॅग्नेशियम कमी पडते, रात्री एकाएकी गार होतात, किंवा मुळाशी पाणी साचते नाहीतर ओल तुटते; मग झाड ताणात येते आणि तो ताण पानावर दिसतो. कारण शोधून ते दूर केले तर झाड सावरते. नुसत्या फवारणीने फक्त खर्च वाढतो.

माणसाच्या मनाचेही असेच होते, आणि तिथेही आपण चुकीचीच बाटली उघडतो. म्हणून या वेळच्या पत्रकात खत-बियाणे बाजूला ठेवून मनाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण बांधावर फिरताना झाडापेक्षा झाडाच्या मालकाचीच काळजी वाटावी, असे प्रसंग वरचेवर येतात.

एरंडोलच्या बाजूला, अंजनीच्या काठच्या एका गावात कपाशी पाहायला गेलो होतो. मालक पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी मला युरियाचे प्रमाण विचारले, मी सांगितले. पाच मिनिटांनी तोच प्रश्न. निघताना पुन्हा तोच. मी म्हटले, "काय आबा, बरं शे ना?" ते म्हणाले, "हा, बरं शे." आणि बांधावर खाली बसले. मग हळूहळू कळले, की महिना झाला, रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही. नातवाने पाण्याचा तांब्या सांडला तर त्याला मारले, आणि नंतर गोठ्यात जाऊन स्वतःच रडले. घरचे म्हणत होते, बाहेरचे काही लागले असेल, भगताला दाखवू.

बाहेरचे काही लागलेले नव्हते. मारका बैल अंगावर आला तर काय होते ते आठवा. छाती धडधडते, श्वास वर चढतो, हातपाय ताठ होतात, भूक पळून जाते. पळायला किंवा काठी उगारायला अंगात बळ यावे म्हणून शरीरच ती तयारी करते. बैल दावणीला बांधला, की अर्ध्या तासात सगळे शांत होते. पण पावसाने ओढ दिली आहे, दुबार पेरणीचे संकट समोर आहे, सोसायटीची 31 मार्च जवळ आली आहे, मुलीचे लग्न ठरायचे आहे. हा बैल दावणीला बांधता येत नाही. तो रात्रंदिवस समोर उभा असतो आणि शरीर रात्रंदिवस तयारीत राहते. त्यातून झोप जाते, पोट बिघडते, डोके दुखते, पाठ धरते, लहानशा गोष्टीवर संताप होतो. कित्येक जण या दुखण्यांसाठी दवाखान्यात सलाईन लावून घेतात. पण मूळ तसेच राहते.

आता करायचे काय? आबांना मी पहिली गोष्ट सांगितली ती वही घालण्याची. शाळेची दोनशे पानी वही चालेल. त्यात सगळे देणे लिहून काढा. सोसायटीचे, बँकेचे, कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याचे हातउसने, सावकाराचे. समोर रक्कम, व्याज आणि कधी द्यायचे ती तारीख. हे काम रात्री करू नका, सकाळी करा, आणि घरच्या एका माणसाला शेजारी बसवा. बायकोला बसवलेत तर उत्तम. "तिला कशाला त्रास," असे पुष्कळ जण म्हणतात, पण तुम्ही रात्री छताकडे पाहत पडता हे तिला ठाऊक असतेच. फक्त आकडा ठाऊक नसतो, म्हणून ती त्याहून मोठा आकडा धरून बसलेली असते. मनातले देणे रोज रात्री वाढत जाते. कागदावरचे देणे जेवढे आहे तेवढेच राहते.

लिहून झाले, की एकेका ओळीपुढे खूण करा. काही देण्यांना मुदत मागता येते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झाली असेल, तर पीककर्जाचे पुनर्गठन करून हप्ते पाडून मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी तोंड लपवून न राहता बँकेत स्वतः जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सावकाराचे देणे असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात विचारता येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. अशा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर मागील 15 वर्षांतील व्यवहारांबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. हे अनेकांना माहीतच नसते आणि ते नुसते सोसत बसतात. राहिलेल्या काही ओळी अशा निघतील, की त्यांवर आज काहीच करता येत नाही. पाऊस आपल्या हातात नाही. त्या ओळींना वेगळी खूण करून वही मिटावी.

विचारांसाठी दिवसातली वेळ ठरवून द्या. संध्याकाळी दूध काढून झाले, की अर्धा तास वही उघडायची आणि काय तो विचार करायचा. रात्री विचार आला तर मनाला सांगायचे, "उद्या सहाला भेटू." पहिले चार दिवस मन ऐकत नाही. नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावतानाही चार दिवस जातातच.

छाती धडधडू लागली तर ओट्यावर बसून मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडा. सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, एवढेच त्यातले मर्म. पाच मिनिटे करा. दिसायला हे पोरखेळ वाटेल, पण त्याने छातीचा ठोका उतरतो. राग आला तर हात चालण्यापूर्वी तिथून उठून विहिरीपर्यंत चालत जाऊन या. संध्याकाळनंतरचा चहा बंद करा. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, आणि पहाट झाली की नेहमीच्या वेळीच उठा.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो. दारूने डोळा लागतो हे खरे, पण मध्यरात्री तीच झोप मोडते आणि सकाळी मन आदल्या दिवसापेक्षा खाली गेलेले असते. शिवाय दारूच्या अमलात माणूस ते करून बसतो, जे शुद्धीत कधीच केले नसते. लाल्यावर फुकट फवारलेली बाटली म्हणतात ती हीच.

बोलणे हे मोठे औषध आहे, आणि आपल्या बायाबापड्यांना ते आपल्यापेक्षा चांगले कळते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. त्या गाण्यांत सासरचा जाच, नवऱ्याचा अबोला, सगळे निघून जाते. कानबाईच्या रात्रीही तेच. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) ऐन तरुणपणी विधवा झाल्या. पदरी मुले, शेताचे काम, अक्षरओळख नाही. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांच्या तोंडून गाणी येत गेली. सोपानदेवांनी ती उतरवून घेतली म्हणून 1952 साली पुस्तक निघाले आणि आपल्याला कळली. पुरुषांनी मात्र पारावर बसून राजकारणावर तासभर बोलायचे आणि घरचे विचारले तर "बरं शे" म्हणून उठायचे, ही रीत पाडली आहे. ती मोडायला एक माणूस पुरतो. भाऊ, मित्र, भजनी मंडळातला सोबती, कोणीही.

आणि तुमच्याजवळ कोणी बोलू लागला, तर लगेच उपदेश करू नका. "असं मनाला लावून घेऊ नको", "फलाण्याचं तर याहून वाईट झालं" ही वाक्ये गिळून टाका. ऐका. बोलता बोलता तो म्हणाला, "आता काही राम राहिला नाही", "माझ्यामागे पोरांना सांभाळा", किंवा कारण नसताना देणीघेणी उरकू लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. विचारल्याने उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकट्याला सोडू नका.

अशा वेळी, आणि एरवीही, पिकाची औषधे घरात किंवा उघड्या गोठ्यात ठेवू नयेत. पेटीला कुलूप लावावे, आणि घरात कोणी खचलेले असेल तर पेटी व किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवावी. जीव देण्याची उबळ अनेकदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसले, तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरले. शेती तिथेही चालूच राहिली. कोणी काही घेतलेच, तर पोलिसांच्या भीतीने घरगुती उपाय करीत बसू नका, 108 ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला उपचार देणे शासनाचे काम ठरते.

दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, उमेद परत आली नाही, तर डॉक्टरला दाखवावे. जळगावच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे "फरक नाही" म्हणून चार दिवसांत टाकू नयेत, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नयेत. मेडिकलवरून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नयेत. त्यांची सवय लागते. घरबसल्या बोलायचे असेल तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येते. नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

आबांची वही मी पुढच्या फेरीत पाहिली. पहिल्या पानावर अक्षर त्यांचे होते, दुसऱ्यापासून सुनेचे. देणे त्यांच्या समजापेक्षा फार कमी निघाले असे नाही. पण अडीचची जाग चारवर आली होती, आणि युरियाचे प्रमाण त्यांनी त्या दिवशी एकदाच विचारले.